वळलेली अंडी

४ फेब्रुवारी
आलो एकदाचे. दोन खोल्या, पांढऱ्याशुभ्र भिंती, ओट्यावर धो धो पाणी. यांना पोल्ट्रीत शेडची देखरेख मिळाली, तिथलीच ही जागा. आल्या आल्या मी फरशी दोनदा पुसली. हे म्हणाले, तिला जरा वाळू तरी दे. मला घाण खपत नाही, त्याला मी काय करू?

झोपायच्या खोलीच्या खिडकीतून विजेचा मोठा मनोरा दिसतो. त्याच्या तारा आमच्या छपरावरून आणि पुढे तीन नंबरच्या शेडवरून जातात, दिवसभर गुणगुणतात. म्हणजे गाणंही फुकट. संध्याकाळी यांनी एक जुनी ट्यूब अंगणात उभी धरली, तर ती नुसती हातातच मंद पेटली. मी पोट धरून हसले. आतूनही लाथ बसली. सहावा संपत आलाय. मागचं चौथ्यातच गेलं होतं, म्हणून यंदा हसतेसुद्धा जपून.

८ फेब्रुवारी
घरात बसून माशा मारण्यापेक्षा अंडी तपासायचं काम घेतलं. अंधारी खोली, पत्र्याच्या डब्यात दिवा, डब्याला भोक. भोकावर अंडं धरलं की आतलं दिसतं. आठवड्याचं असेल तर लाल शिरांचं जाळं आणि मध्ये हलणारा ठिपका. शिकवायला मावशी आहेत, त्यांचं आयुष्य याच खोलीत गेलं. बोलणं म्हणजे तीन शब्द. जाळं दिसलं की भरलं. काहीच नाही दिसलं की रिकामं. आणि मधूनच एखादं अंडं जास्त वेळ हातात धरून म्हणतात, वळलं. तीन शब्द, तीन ट्रे. वळलेली निघतात ती फक्त तीन नंबरच्या शेडची.

कामाबाहेरचं त्या एकदाच बोलल्या. खिडकीजवळ झोपू नकोस म्हणाल्या. मी म्हटलं, वारा तिथेच येतो.

१२ फेब्रुवारी
मावशी ताप येऊन दुपारीच घरी गेल्या. वळलेल्यांचा ट्रे कोपऱ्यात तसाच राहिला. उबवायच्या मशीनमधली अंडी चिकटू नयेत म्हणून दर काही तासांनी वळवावी लागतात, एवढं एव्हाना मला कळतं. म्हणजे ही हाताने वळवून झालेली, आणि बाई परत ठेवायला विसरल्या. चाळीसच्या चाळीस मशीनमध्ये ठेवून दिली. एवढे जीव वाचवले म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

१९ फेब्रुवारी
तीन नंबरच्या शेडमध्ये आज पहिल्यांदा गेले आणि जेवणावरून मनच उडालं. सगळ्या कोंबड्या एकाच दिशेला तोंड करून बसलेल्या, तारांकडे. मानेवरची पिसं झडलेली, नुसती गुलाबी, ओली कातडी. बऱ्याच अंड्यांना कवच नाही, पातळ साल. बोट लावलं की आत रुततं. आणि त्या आपलीच अंडी फोडून पितात, मग चोचींवरून ते पिवळं लोंबत राहतं. शी. साबणाने तीनदा हात धुतले, वास जात नाही.

तारांखालची वीज मोजायला मीटर घेऊन एक माणूस आला होता. सगळं मर्यादेत आहे म्हणाला. मी विचारलं, कोणाच्या? तो हसला, चहा प्यायला आणि गेला.

२६ फेब्रुवारी
ती चाळीस आज फुटली.

अंगावर पीस नाही. दोन्ही डोळे एकाच बाजूला, एकमेकांना चिकटलेले, आणि दुसरी बाजू टाचेसारखी गुळगुळीत. पाय असून पोटावर सरपटत होती, मागे चिकट रेघ सोडत. सगळी एकाच भिंतीशी, एकमेकांवर चढून, खालची चिरडून. भिंतीपलीकडे मनोरा. यांनी फावड्याने उचलून चुन्यात पुरली.

मावशींनी विचारलं, कोणी ठेवली. मी सांगितलं, वळवून झालेली समजले. त्या म्हणाल्या, वळवलेलं नव्हे गं बाई, वळलं. आपणहून. तारांकडे. तो ट्रे पुरायचा असतो.

२ मार्च
दवाखान्यात नर्सबाईंनी पोट चाचपलं आणि खुशीत सांगितलं, बाळ वळलंय. आडवं आहे, पण वेळ आहे, फिरेल परत. हे खूश. मला तिथेच ओकारी आली.

५ मार्च
खिडकीकडे उजवी कूस केली, तर बाळाचं डोकं उजवीकडे. उलटी फिरले. आतून काहीतरी सावकाश सरपटत गेलं, आणि डोकं डावीकडे. तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा खिडकीकडेच.

आईला स्वतःच्या पोटाची किळस यावी? येते. आणि मग रडू येतं. मानेवरचे केसही गळताहेत, एकाच बाजूचे.

८ मार्च
जीपने ताईकडे निघालो. तारा मागे पडल्या तसं पोटातलं ते मागे रेटायला लागलं. थेट कण्यात. मग रक्त. यांनी घाबरून जीप मागे घेतली. तारांखाली आलो तसं शांत.

तशीच गेले असते तर हेही गेलं असतं. यंदा नाही जाऊ देणार. कसंही असो, माझं आहे.

९ मार्च
मावशींना मीच बोलावलं. पडदे ओढले. डबा पोटाला लावला. खूप वेळ पाहिलं त्यांनी. भरलं म्हणाल्या नाहीत. रिकामंही नाही. मी हात धरला, विनवलं — त्या हात सोडवून यांच्याकडे गेल्या. दोघं अंगणात. हे रडताहेत.

दिवा इथेच राहिला. मीच लावून — लाल — शिरा — दोन्ही डोळे —

दुपार
अंगणात फावडं. चुन्याचं पोतं ओढल्याचा आवाज. कडी लावली मी. नाही देणार. पुरू नाही देणार —

हे दार वाजवताहेत. दारावर नजर ठेवूनच लिहायला बसले होते. दाराकडे तोंड करून —

समोर खिडकी आहे. दार मागे. मी उठले नाही. मी कधी वळ—