चालू पडद्याला हार

१२ जून २००६, आखाडा बाळापूर

पोचलो एकदाचा! हिंगोलीहून जीपमध्ये माझ्या मांडीवर माझी बॅग, बॅगेवर कोणाचं तरी पोरगं आणि त्या पोराच्या ओंजळीत जांभळं. नोकरीच्या पहिल्या दिवशी जांभळ्या डागांचा सदरा घालून हजर झालो. मालक सूर्यकांतराव पोट धरून हसले आणि म्हणाले, रंगीत माणूस आला, आता धंद्याला रंग येणार.

दुकान नांदेडच्या रस्त्यावर. फोटो काढणं, पत्रिका छापणं, अर्ज टाइप करणं, सगळं एकाच पत्र्याखाली. कॉम्प्युटर एकच, पण बरा आहे. राहायला दुकानामागची खोली, जेवण मालकांकडे. त्यांच्या पत्नी गंगूताईंनी तिसरी भाकरी वाढता वाढता विचारलं की, बायकोला तिकडं ठेवून एकटेच काहून आलात? सांगितलं, रेवतीला दिवस गेलेत, सध्या माझ्या आईजवळ हिंगोलीला आहे, पुढे बाळंतपणाला हिंगोलीजवळच्या गोरेगावला माहेरी जाईल. मग चौथी भाकरीही वाढली.

संध्याकाळी मशीन आपल्या हाताला बसवून घेतलं. दुसऱ्याच्या मशीनवर काम करणं म्हणजे दुसऱ्याची चप्पल घालणं, चालता येतं पण अंगठा बाहेर. पडद्याच्या तळचा तो भडक निळा पट्टा आणि हिरवं बटण घालवून जुना राखाडी थाट आणला. फाइलींची चित्रं बारीक करून उजवीकडे एका रांगेत लावली. कचऱ्याच्या डब्याला ‘उकिरडा’ नाव दिलं. आणि पडद्यावर रेवतीचा फोटो. मे महिन्यात औंढ्याला नागनाथाच्या देवळाबाहेर काढलेला, उन्हानं डोळे बारीक केलेत आणि हसू आवरत नाहीये. दिवसभर समोर आपलं माणूस असलं की टायपिंगचा शीण जरा कमी होतो.

२१ जुलै

आज दिवस वाया गेला. मशीनला व्हायरसनं धरलं होतं म्हणून सूर्यकांतरावांनी नांदेडहून सर्व्हिस पॅकची, म्हणजे विंडोजच्या दुरुस्तीची सीडी आणवली. ती टाकली, व्हायरस गेला आणि त्याच्याबरोबर माझा सगळा संसार गेला. पुन्हा निळा पट्टा, पुन्हा पडद्यावर ती कंपनीची हिरवी टेकडी, उकिरड्याचं नाव गेलं, मराठी अक्षरांच्या जागी चौकोन. वर भारनियमन. अर्धं लावून होतं तोवर वीज जाते, आली की पुन्हा पहिल्यापासून.

गंगूताई म्हणाल्या, जे दिसून राहिलं ते काय वाईट आहे? हिरवंगार शेत तर आहे. त्यांचं बराबर आहे. पण आपण मांडलेलं कोणी येऊन विस्कटलं की मला चैन पडत नाही, हा माझा जुना रोग. शेवटी सगळं लावलंच. रेवती पडद्यावर परत आली तेव्हा पाठीचा काटा ढिला झाला होता.

काम मात्र गमतीचं आहे. आज मेंढपाळांच्या वस्तीवरून नर्मदाबाई आल्या होत्या. नवरा दगडोबा उन्हाळ्यात गेला, आणि त्याचा उभ्या जन्मात एकच फोटो, मतदार ओळखपत्रावरचा. तो मोठा करून द्यायचा. आम्ही अशा माणसाला कोट चढवतो, फेटा चढवतो आणि वरून चंदनाच्या हाराचं चित्र लावतो. कोटाचं चित्र दुकानात एकच आहे, त्यामुळे या भागातले निम्मे पूर्वज एकाच कोटात भिंतीवर बसलेत. दगडोबा त्यात वकिलासारखा दिसायला लागला. नर्मदाबाई कौतुकानं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, असा न्हाई दिसला कधी माझा माणूस.

१ ऑक्टोबर, खांडेनवमी

आज दुकानात हत्यारांची पूजा. कॅमेरे, कात्र्या, छपाईचं मशीन, सगळं पुसून मांडलं. कॉम्प्युटरची पाळी आली तेव्हा गंगूताईंनी तो चालू करायला लावला. झोपलेल्या यंत्राची पूजा करू नये म्हणे, त्याला उठवून हळदीकुंकू लावावं. मी चालू केला. पडद्यावर रेवती उगवली. कुंकू काचेच्या मधोमध लागलं, ते नेमकं तिच्या कपाळावर आलं. गंगूताई हसल्या, म्हणाल्या, सवाष्णीला लागलं, चांगलंच झालं. मग झेंडूचा आणि आंब्याच्या पानांचा हार मॉनिटरवरून सोडला. खाली निरांजन ठेवलं. आम्ही हात जोडले.

तेवढ्यात पैसे जमवून दगडोबाचा फोटो न्यायला नर्मदाबाई दारात आल्या. पडद्याकडे बघून थबकल्या, चप्पल काढली, हात जोडले आणि हळहळून मला म्हणाल्या, “लई लहान वयात गेली की वो लेकरू. बाळंतपणात गेली का?”

मला आधी कळलंच नाही. मग बघितलं. हार दोन्ही बाजूंनी, खाली दिवा, कपाळाला कुंकू, आणि मधे हसणारी रेवती. आमच्या दुकानातून महिन्याला असे कितीतरी फोटो जातात. मी म्हणालो, अहो, जिवंत आहे ती, माझी बायको आहे. नर्मदाबाईंनी फाडकन स्वतःच्या तोंडात मारून घेतली आणि हार उतरवा, आत्ताच्या आत्ता उतरवा, म्हणून हटून बसल्या. गंगूताई ऐकेनात. पूजलेल्या हत्याराचा हार दसऱ्याआधी उतरवला तर पूजा मोडते. सूर्यकांतराव मला म्हणाले, काही मनात आणू नका, जित्या माणसाच्या मरणाची आवई उठली तर उलट आयुष्य वाढतं.

मला वाद घालायचा कंटाळा येतो. हार राहू दिला. मग वीज गेली आणि रेवती दिसेनाशी झाली. काळ्या काचेवर नुसता हार.

३ ऑक्टोबर

काल दसऱ्याचं सोनं वाटून झाल्यावर हार काढला आणि ओढ्यात सोडला. गोरेगावला फोन केला. रेवती मजेत, सातव्याची ओटी भरली, हिरवी साडी नेसली होती. मी तिला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं आहे तरी काय?

१२ ऑक्टोबर

दसऱ्याच्या मुहूर्तावर दुकानात ब्रॉडबँड आलं आणि माझ्या जिवाला ताप झाला. मशीन आता आपल्या मनानं अपडेट ओढतं. आज मोठं अपडेट आलं आणि पुन्हा सगळी मांडणी मोडली. मान खाली घालून पुन्हा लावत बसलो. राखाडी थाट लावला, उकिरडा लावला, रेवतीचा फोटो लावला.

फोटोवर हार होता.

वाटलं घाईत मीच कुठल्या तरी श्रद्धांजलीच्या कामात गोंधळ केला. पण दुकानातलं चित्र चंदनाच्या हाराचं आहे. हा झेंडूचा. मधेमधे आंब्याची पानं, सुकून वळलेली. सूर्यकांतरावांना विचारलं, त्यांनी शपथ घेतली की फाइलला हात लावला नाही. पाकिटातला मूळ फोटो काढून पुन्हा स्कॅन केला. तो स्वच्छ आला. तोच लावला. थकलो आहे, डोळे चुरचुरतात.

२ नोव्हेंबर

दिवाळीला गोरेगावला जाऊन आलो. रेवतीचे पाय सुजलेत. हिंगोलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तदाब वाढलाय, पडून राहा. मी गेलो की उठून बसते. लाडकी आहे माझी, हे तिला कधी नीट सांगितलं नाही.

परत आलो तर अपडेट होऊन बसलेलं. फोटोवर पुन्हा हार. मागच्या वेळी पानं सुकलेली होती, आता टवटवीत आहेत. आणि खाली पट्टी आहे, आमच्या दुकानाची श्रद्धांजलीची असते तीच. त्यात रेवतीचं नाव, जन्मतारीख. मी वापरतो तोच टाइप. पुढे मृत्यूची तारीख लिहायची जागा रिकामी.

जेवण गेलं नाही.

१० नोव्हेंबर

फोटोच काढून टाकला. पडदा कोरा राखाडी ठेवला. इंटरनेटची वायर उपटली. तरी सकाळी मशीन चालू करताना तीच ओळ, अपडेट चालू आहे, मशीन बंद करू नका. कुठून येतं ते? वायर माझ्या हातात होती.

कोऱ्या पडद्यावर ती परत आली. हार घालून. रिकाम्या जागेत महिना आणि साल भरलेलं. डिसेंबर २००६. दिवसाची जागा मोकळी.

डॉक्टरीणबाईंनी डिसेंबरचीच तारीख दिली आहे.

१७ नोव्हेंबर

सूर्यकांतरावांच्या देखत सगळी डिस्क पुसली. काही शिल्लक ठेवलं नाही. नवी सीडी घालून सिस्टीम पहिल्यापासून टाकली. हिरवी टेकडी यायची, ती आली नाही. रेवती आली.

सूर्यकांतराव खुर्चीवर बसले. मग म्हणाले, विकून टाकू, तोटा माझा. पण विकला तर तो तिच्यासकट जाणार. कुणाच्या तरी घरात माझी बायको हार घालून दिसत राहणार. मी नको म्हणालो. हार उतरवायचा आहे, नुसता नजरेआड करायचा नाही.

गंगूताई देवासमोर बसून रडतात. मला त्यांचा राग येत नाही. मीही होतो की तिथे, हार राहू दिला तो मीच.

२४ नोव्हेंबर

चार दिवसांपूर्वी वस्तीवर गेलो, नर्मदाबाईंकडे. त्यांनी चहा दिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, आवईची गोष्ट निराळी, तोंडाची वाफ असती. हार घालून दिवा लावून हात जोडले की ते पोचतं. घातलेला हार रिकामा उतरत न्हाई. दुसरा गळा द्यावा लागतो.

विचारलं, मेंढराचा चालेल का? त्या कपबशी विसळायला उठल्या. मग मेंढराचा फोटो काढून आणला आणि लावला. हसण्यासारखं आहे, पण लावला, वरून खरा हारसुद्धा घातला. दुसऱ्या अपडेटला मेंढरू गेलं, रेवती आली. दगडोबाचा लावून पाहिला. मेलेल्याला काय घालणार, त्याच्या गळ्यात आहेच.

किती दमलोय मी — झोप नाही —

५ डिसेंबर

रेवतीला रात्री डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी. फोनवर म्हणाली, काहून एवढा घोर करून राहिले तुम्ही, मला काय होतंय? आवाज लांबून आल्यासारखा.

ठरवलं. दुसरा गळा आहे की घरात. माझाच.

६ डिसेंबर

स्वतःचा फोटो लावला. जांभळाच्या डागांचा सदरा घातलेला, सूर्यकांतरावांनी पहिल्या दिवशी गमतीनं काढलेला. बाजारातून झेंडूचा हार आणला, मॉनिटरवर घातला. कुंकू लावलं. दिवा लावला. स्वतःलाच हात जोडले. भीती वाटत होती, खोटं कशाला लिहू. पण हलकंही वाटलं.

८ डिसेंबर

अपडेट झालं. मी आहे! मीच आहे पडद्यावर. हार माझ्या गळ्यात, पट्टीत माझं नाव. रेवती नाही.

गोरेगावला फोन. रक्तदाब उतरला. पोटभर जेवली.

बरं झालं. किती दिवसांनी — बरं झालं.

१४ डिसेंबर

पहाटेच गोरेगावहून फोन. मुलगी. दोघी सुखरूप!! गंगूताईंनी पेढे आणवले, रस्त्यावरच्या जीपवाल्यांनासुद्धा वाटून राहिल्यात. मला काही झालं तर होवो, आता फिकीर नाही. एकदा पाहीन लेकीला.

दुपारच्या जीपनं निघतो. मशीन पुन्हा अपडेट घेतंय, तेवढं होऊ दे. माझा फोटो जागेवर राहिला एवढं बघितलं की निघालोच. ते बघितल्याशिवाय पाय निघत नाही.

झालं. उठतंय.

माझा फोटो नाही.

हार आहे. रेवती — नाही, रेवती नाही, देवा, रेवती नाही —

लहान तोंड. डोळे मिटलेले. जावळ ओलं. मी अजून पाहिलीसुद्धा नाही तिला. औंढ्याला फोटो काढला तेव्हा ती होतीच की, पोटात — हार दोघींना घातला आम्ही — मी गळा एकच दिला —

नावाची जागा रिकामी. बारसं कुठे झालंय. तारीख भरलेली. पूर्ण. आजची.

माझा फोटो पुन्हा लावतोय. लागत नाही. पुन्हा लावतो — लाग — घे ना मला —

फोन वाजतोय. गंगूताई पेढ्याचा पुडा घेऊनच उचलायला निघाल्यात. नका उचलू, ताई, नका उच