पाळण्याचा नट

छकुलीच्या आईस सप्रेम आठवण,

मी ठणठणीत आहे. जेवण वेळेवर होतं. खोकला किरकोळ आहे, आईला सांगत बसू नकोस.

कारखान्यात मला सगळे ‘नट’ म्हणतात. हुरळून जाऊ नकोस, सिनेमातला नव्हे. बोल्टावर बसतो तो नट, आणि इकडे परदेशात इंग्रजीत डोक्याने सटकलेल्या माणसालाही तेच म्हणतात. आपण स्क्रू ढिला म्हणतो, तसंच. कारण एवढंच, की पान्याने आवळून झाला तरी प्रत्येक नट मी पुन्हा बोटांनी चाचपतो. फोरमन हसतो. त्याला काय सांगू? छकुलीला पाळण्यात ठेवण्याआधी रोज वरच्या कडीचा नट चाचपायचो, ती सवय हाताची गेलीच नाही.

तिला आता चपला कोणत्या मापाच्या लागतात? चालताना अजून तुझा पदर धरते का?

पाळणा काढून माळ्यावर टाकलास, बरं केलंस. ती मावत नाही म्हटल्यावर टांगून काय करायचं. फक्त एक लिही, वरचा नट सुटायला जड गेला का? निघायच्या दिवशी मी तो जरा जास्तच आवळला होता.

तुझाच,
छकुलीचे बाबा