साडेसहाची फेरी

दुमयात,
मंगळवार, १८ फेब्रुवारी

प्रिय इनायतताई,

सलाम. अल्लाच्या कृपेने इकडे सगळे ठीक आहेत, तिकडेही सगळे ठीक असावेत, असं पत्रात आधी लिहायचं असतं. तिकडे कसं आहे ते मला माहीत आहे, तरी लिहिलं. सुरुवात कुठून करावी ते सुचत नव्हतं.

तुला पत्र लिहून तीस-एक वर्षं झाली असतील. तू लग्न होऊन पोर्ट सईदला गेलीस तेव्हा लिहिलं होतं. चार ओळी ख्यालीखुशाली आणि दोन पानं, तुझा निळा रुमाल मला पाठव म्हणून रडगाणं. आता घरात फोन असताना ही बया कागद का काळे करतेय, असं तू म्हणशील. फोनवर तुझा आवाज ऐकला की मला नीट बोलता येत नाही. कागद बरा, तो मध्येच काही विचारत नाही.

इकडची बातमी म्हणजे रमजान जवळ आला तशी खाली दुकानात धांदल सुरू झाली आहे. रुश्दी पहाटेपासून कढईपुढे उभा असतो. पाकाचा वास जिना चढून थेट माझ्या उशाशी येतो. त्याचा गुडघा दुखतो, पण डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणतो, "हलवायाचा गुडघा दुखला तर चालतं, हात दुखला तर दुकान बंद." गॅलरीतला सब्जा वाळला, मी पाणी घालायला विसरले. जिन्यातला दिवा अजून तसाच बिघडलेला आहे. बाकी नवीन काही नाही.

परवा शिरीनचा फोन आला होता. तुला तिने सांगितलं नसेल, म्हणून मीच सांगते. पोरीवर रागावू नकोस.

"मावशी, आई जेवत नाही," ती म्हणाली. "भाकरीचा तुकडा हातात घेते आणि भिंतीकडे बघत बसते. शनिवारी नव्या पायाचं माप द्यायला बोलावलंय, तर म्हणते, मी येणार नाही. खोटा पाय लावून कुणापुढे मिरवू?"

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टरांचं ऐकते कुठे ती. तिचं एकच चाललेलं असतं. आईची साखर आम्हा दोघींना सारखीच आली, धाकट्या सुहैरने चालून चालून ती मुठीत ठेवली, मी कुठेतरी कमी पडले, म्हणून माझाच पाय गेला. मावशी, ती तुमच्याशिवाय कुणाचं ऐकणार नाही. तुम्ही रोज द्यायचात ना धीर, तसाच द्या."

मी "बरं बाळा" म्हणाले. फोन ठेवला आणि दुपारच्या नमाजाची बांग होईपर्यंत तिथेच खुर्चीत बसून राहिले.

मला तुला काय सांगायचंय ते मला पक्कं माहीत आहे. पण मी लहानपणापासून अशीच, समोर दार असलं तरी मागच्या अंगणातून येणार. म्हणून थोडं मागचं लिहिते.

बकरी ईदच्या सकाळी आपण आईच्या कबरीपाशी गेलो होतो. तिच्या नावाने गरिबांना वाटायला पिशवीभर शुरैकचे गोड पाव घेतले होते, अजून गरम होते. वाटेत मी त्यातले दोन खाल्ले. तू पाहिलंस आणि म्हणालीस, "आईच्या नावाने गरिबाला द्यायचे, तर गरीब तुला तूच सापडलीस का गं?" कबरस्तानात आपण दोघी तोंडावर पदर घेऊन हसलो. आणि हसता हसता तुझे डोळे भरून आले. आईचा पाय कापला तेव्हा तिचं जे वय होतं, ते तुला लागलं होतं. मी दोनच वर्षं मागे. पाय गेल्यावर आई सात महिने जगली, तेही पलंगावर. ते सात महिने तिचं सगळं तू केलंस, मी पाहुणीसारखी येऊन रडून जायचे.

तू कबरीवर हात ठेवलास आणि माझा हात ओढून त्यावर ठेवलास. रोज सकाळी साडेसहाला चालायला निघायचं, तू तिथे, मी इथे. परतलं की एकमेकींना सांगायचं, किती चाललो, काय खाल्लं, साखर किती आली. एकीने ढिलाई केली तर दुसरीने तिची लाज काढायची. आणि खोटं बोलायचं नाही, आईच्या कबरीची शपथ.

ती शपथ आपल्या जुन्या गल्लीत चोरसुद्धा खोटी घेत नसत. म्हणून तर तू कधी शंका घेतली नाहीस.

सुरुवातीचे दिवस किती छान होते, ताई. फोनवर तुझ्या आवाजातला निरोप यायचा, मागे समुद्राचा आवाज, तुला धाप लागलेली. "ऊठ गं म्हशी, मी बोटीच्या धक्क्यापर्यंत पोचलेसुद्धा." मी नदीकाठाने चालत तुला उत्तर द्यायची. "पोचलीस तर तिथेच थांब, बोटीत बसून पलीकडे जाऊ नकोस, बसून केलेले मैल धरत नाहीत." वय विसरून आपण पुन्हा एका पलंगावर झोपणाऱ्या बहिणी झालो होतो. सव्वा महिना मी खरंच चालले. हा सव्वा महिना मात्र खरा आहे, एवढं लक्षात ठेव.

रुश्दी जेवायला आलाय. उरलेलं उद्या लिहिते.

बुधवार

काल रुश्दी जेवून गेल्यावरही मी लिहायला बसले नाही. चहा केला, दोन चमचे साखर घातली, प्याले. हेही लिहूनच टाकते.

पैगंबरांच्या मौलिद-सणाच्या दीड महिना आधीपासून दुकानात मिठाईचा हंगाम असतो, तुला ठाऊक आहे. त्या वेळी मी खोकी भरायला खाली बसले. बसलं की हात तोंडाकडे जातोच. कढईतून नुकतं निघालेलं जिलबीसारखं मशब्बक, पाक गळतोय, आणि रुश्दी म्हणतो, "जरा चाखून बघ, पाक पुढे गेलाय का." मी चाखलं. दुसऱ्या दिवशीही चाखलं. तिसऱ्या दिवशी पाय जड झाले होते, मी साडेसहाला उठलेच नाही.

आठ वाजता तुझा निरोप आला, "काय गं, आज किती?" मी अंथरुणातच होते. खरं सांगितलं असतं तर तू लाज काढली असतीस, दोन शिव्या घातल्या असत्यास आणि गोष्ट तिथेच संपली असती. मी म्हणाले, "चाळीस मिनिटं." तू म्हणालीस, "शाबास, पोरी."

ताई, त्यानंतर मी एकही दिवस चालले नाही.

लिहून टाकलं. आता सगळंच लिहिते.

सकाळी तुझा निरोप आला की मी गॅलरीचं दार उघडायची, म्हणजे मागे गाड्यांचे भोंगे ऐकू येतील. सपाता घालून जागच्या जागी पाय आपटायची आणि धापा टाकत तुला सांगायची की मी पुलापर्यंत आलेय. रुश्दी एकदा दारात उभा राहून बघत होता. "आमची बायको गादीवरून उतरत नाही आणि चालत पोर्ट सईदला पोचते," म्हणाला. मी त्याला हातानेच गप्प केलं. तुला सांगायची काकडी, पांढरं चीज, अर्धी भाकरी, भाताशिवाय मुलुखियाची पातळ भाजी. सांगताना तोंडात काय असायचं ते विचारू नकोस. साखरेचे आकडे मी मनाने ठरवायची. १२६, १३१, १२२. एकशे चाळीसच्या वर गेले नाही, कारण तू काळजी केली असतीस. एकशे वीसच्या खाली आले नाही, कारण तू विश्वास ठेवला नसतास. तू दिलेल्या साखर मोजायच्या यंत्राच्या पट्ट्यांचा डबा अजून सीलबंद होता.

का केलं, ते मी स्वतःला शंभरदा विचारलं. आळस म्हणावं तर आळशाला एवढं नाटक झेपत नाही. खरं कारण लाजिरवाणं आहे. जन्मभर तू पुढे आणि मी मागे. अभ्यासात, स्वयंपाकात, आईची सेवा करण्यात. आयुष्यात पहिल्यांदा तू मला म्हणत होतीस, "तुला कसं गं जमतं? मला तुझ्याकडे बघून जोर येतो." ते ऐकायची मला चटक लागली. एका सकाळी तू म्हणालीस, "आई असती तर तुझी दृष्ट काढली असती." त्या दिवशी मी रडले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सपाता आपटल्या.

आता टाचेचं.

नोव्हेंबरात तुझा निरोप आला. तो मी अजून पुसलेला नाही, पण ऐकायची हिंमतही झालेली नाही. मला तो पाठच आहे. "सुहैर, बूट चावलाय. टाचेला फोड आलाय, दुखत कसा नाही तेच कळत नाही, पण मोजा ओला होतो. चार दिवस थांबू का गं? तू सांगशील तसं करते."

तू मला विचारलंस. डॉक्टरला नाही, शिरीनला नाही, मला. मी तेव्हा आडवी पडून टीव्ही बघत होते.

आईलाही असंच झालं होतं. तिच्याही टाचेला असाच फोड होता, न दुखणारा. मला ते आठवलं, ताई. आठवलं नाही असं मी म्हणू शकले असते, पण आज खोटं लिहायचं नाही. आठवलं, आणि त्याच्याहून मोठी भीती ही वाटली, की तू चार दिवस थांबलीस तर म्हणशील, चल, मी दुमयातला येते, तुझ्याबरोबर राहते, तुझ्याबरोबर हळूहळू चालते. मग सगळं उघडं पडेल. म्हणून मी तुला उत्तर पाठवलं, "अगं, माझ्याही टाचेला आला होता. मी चिंधी गुंडाळून चालले. एकदा थांबलं की थांबलंच. आईच्या कबरीची शपथ, मी एक दिवस चुकवला नाही."

तू चिंधी गुंडाळलीस. आणखी आठ दिवस चाललीस. नवव्या दिवशी शिरीनला वास आला.

पुढचं तू भोगलंस, मी काय लिहू. ऑपरेशननंतर तू शुद्धीवर आलीस तेव्हा मी उशाशी होते. पायाकडे तू बघितलंही नाहीस. माझा हात धरून विचारलंस, "तू चालतेस ना अजून? तू थांबू नकोस हं." आणि मी "हो ताई" म्हणाले. तिथेही. तुझ्या कापलेल्या पायाशेजारी बसून.

त्यानंतर एकदाचं तुझ्या पाया पडून सांगून टाकावं म्हणून दोनदा पोर्ट सईदला आले. दोन्ही वेळा तू मला शिरीनपुढे उभं केलंस. "बघ हिच्याकडे, हिने करून दाखवलं." आणि मी दोन्ही वेळा जेवून परत आले.

म्हणून आता शिरीनने सांगितल्याप्रमाणे तुला धीर देते. माझ्याकडे देण्यासारखं एवढंच आहे. तू कुठेही कमी पडली नाहीस. तू ज्या सुहैरशी स्वतःला तोलतेस ती सुहैर नव्हतीच. आपल्या दोघींत शेवटपर्यंत चालली ती फक्त तू. पाच महिने, त्यातले पावणेचार एकटी, आणि शेवटचे आठ दिवस उघड्या जखमेवर, माझ्या शब्दाखातर. अल्लाने तुझा पाय नेला नाही. मी नेला.

काल मी तो पट्ट्यांचा डबा फोडला. बोटाला सुई टोचली. ३४२. रुश्दीने आकडा पाहिला आणि स्वयंपाकघरातला साखरेचा डबा उचलून खाली दुकानात नेला. डाव्या पायाची दोन बोटं मला महिनाभर बधिर वाटतायत. दया यावी म्हणून सांगत नाही. दया आली तर ती आवरून ठेव. तुला आजवर सांगितलेला हा पहिला खरा आकडा, म्हणून लिहिला.

मला माफ कर, असं लिहिणार होते. चार वेळा लिहून खोडलं. आईच्या सात महिन्यांची आठवण असलेल्या माणसाकडे ते मागता येत नाही. माझ्या चालण्याच्या बदल्यात तुझं चालणं परत मिळालं असतं, तर मी इथून तुझ्या दारापर्यंत अनवाणी आले असते. तसं होत नाही, हे मला कळतं.

हे पत्र उद्या रुश्दीच्या ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवते. शुक्रवारी नमाजानंतर मी स्वतः येते. शिरीनला दार उघडू देऊ नकोस. चाकाच्या खुर्चीत तुला दारापर्यंत येता येईल, पण तसं येऊ नकोस. शनिवारी माप दे. महिन्याने, दोन महिन्यांनी, नवा पाय तयार झाला की तो बांध. तोवर मी दर शुक्रवारी येईन आणि जिन्यात बसून परत जाईन. ज्या दिवशी तुला जमेल त्या दिवशी स्वतःच्या पायांनी दारापर्यंत ये, मला नीट बघ आणि दार माझ्या तोंडावर लावून घे. माझ्या धीरावर उभी राहू नकोस, तो आता कशालाच पुरणार नाही. मला हाकलण्यासाठी तरी उभी राहा. आणि त्यासाठी ताकद लागेल, म्हणून आज जेव.

तू चालत होतीस तेव्हा बसून राहिलेली,
सुहैर