भुवयांचा होकार

आदरणीय ऊनाइसी आत्यास,

समुद्रापलीकडच्या मंडबेऱ्याच्या संत्रीबागेतून नेमानीचा वाकून नमस्कार. खरं तर मी खुर्चीवर बसून लिहितोय, पण तुझ्यापुढे खुर्चीवर बसायची माझी काय टाप, तेव्हा खाली मांडी घालून लिहितोय असं समजूनच वाच. (खाली बसूनही पाहिलं. इथली फरशी थंडीत अशी होते, की माणूस उठतो आणि बूड तिथंच राहतं.) तुझा गुडघा कसा आहे? चर्चच्या पायऱ्या चढवतात का? डुकरीण व्याली का? मी बरा आहे. तुझा लेक पेनीही बरा आहे, म्हणजे जेवतो दोघांचं आणि काम करतो अर्ध्या माणसाचं. काळजी नसावी.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं. पण तू फोन कानाला लावत नाहीस, ताटासारखा समोर धरतेस, आणि मी नुसतं ‘आत्या’ म्हटलं की अख्खी पडवी ‘ओ’ देते. ही पडवीपुढे बोलायची गोष्ट नाही. म्हणून घरी निघालेल्या मोसेसेच्या हाती पत्र देतोय. (पाकिटाचा डिंक नीट बघून घे. मोसेसेला वाचनाची आवड आहे.)

तुझा निरोप पोचला. पुढच्या महिन्यात तू आणि बाबा देवमाशाचा दात घेऊन वासितीच्या घरी मागणी घालायला जाणार, तिचे वडील तो दोन्ही हातांनी घेणार, टाळ्या वाजणार, की माझं लग्न ठरलं. ऐकून इतका आनंद झाला, की शिडीवर बसल्या बसल्या मी चार हिरवी संत्री तोडली आणि मुकादमाच्या शिव्या गाण्यासारख्या ऐकल्या. पण आत्या, मध्येच एक भानगड झाली. झाली टीव्हीवर, पण तिचा ओघळ आपल्या दारापर्यंत आलाय.

आम्ही राहतो त्या चाकांवरच्या घरांच्या वस्तीची मालकीण ग्लेनिसबाई. सत्तरीची आहे, एकटी आहे, आवाज ट्रॅक्टरचा आणि मन खोबऱ्याचं. दर बुधवारी संध्याकाळी ती सगळ्यांना आपल्या दिवाणखान्यात बोलावते आणि अंतराळातली एक मालिका लावते. आम्ही जातो ते बिस्किटांसाठी. पण सकियुसाकाका (आमच्या टोळीतले वडीलधारे, रविवारी प्रवचन देतात ते) त्या मालिकेत असे गुंतले, की मंगळवारपासूनच दाढी करून बसतात.

मालिकेत एक बर्फाळ चंद्र आहे. तिथं खाणीत बर्फ फोडायला तेमा नावाची मुलगी लांबून आलीय. माणसं कमी पडतात, तेव्हा कंपनीचा साहेब तिला म्हणतो, तुझ्याच साच्यातून हुबेहूब तुझ्यासारख्या बाराजणी घडवतो, चालेल ना? मुलगी बोलत नाही. तिचा चेहरा पडदाभर होतो, भुवया वर जातात, आणि त्या दिवसाचा खेळ संपतो.

आम्ही सगळे म्हणालो, हं, झालं, हो म्हणाली. आणि बिस्किटांकडे वळलो.

ग्लेनिसबाई खुर्चीतून उठलीच. म्हणाली, ती हो कुठं म्हणाली? पोरीची भीतीनं गाळण उडालीय. काका म्हणाले, बाई, भुवया वर गेल्या ना? मग आणखी काय हवं, ढोल? आता तुला माहीतच आहे, आपल्याकडे ‘हो’ला तोंड उघडायची पद्धत नाही, भुवया उचलल्या की काम झालं. इकडच्या लोकांना ते ठाऊक नाही. पहिल्याच आठवड्यात मुकादमानं ‘समजलं का?’ विचारलं, आम्ही सगळ्यांनी भुवया उचलल्या, आणि त्या बिचाऱ्यानं संत्रं कसं तोडायचं ते घसा बसेपर्यंत पुन्हा पुन्हा सांगितलं. पण इथं उलटं होतं. बाई म्हणत होती, दचकलं तरी भुवया वरच जातात. त्यावर तुझा पेनी म्हणाला, “बाई, आमच्यात एवढ्यावर लग्नं जमतात. हा नेमानी बघा.” सगळे हसले. मी पण हसलो.

पुढच्या बुधवारी बाराजणी बर्फ ओढत होत्या. त्यातली एक साहेबाला विचारते, मला कुणी विचारलं होतं? काका म्हणाले, मूळ मुलीनं मान्य केलं म्हणजे सगळ्यांचंच आलं, बापानं दात घेतला की घराचं आलं तसं. ग्लेनिसबाई म्हणाली, “बर्फ बापाला ओढायचाय का?” काकांच्या हातातलं बिस्किट चहात पडलं आणि त्यांनी ते काढलंही नाही. मग साहेब म्हणतो, नको होतं तर तेमानं नाही म्हणायचं होतं. तेव्हा मीच बोलून गेलो, की अहो, त्या चंद्रावर बाहेर श्वासाला हवा नाही, नाही म्हणून जायचं कुठं? बाईनं माझ्या बशीत दोन बिस्किटं जास्त ठेवली. म्हणाली, “पोरा, तुला शाळेतून काढलं कुणी?” (मीच पळालो होतो, ते सांगितलं नाही.)

त्या दिवसापासून काका बिघडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकूंना फोन लावला आणि विचारलं, आपलं लग्न ठरलं तेव्हा तू हो म्हणाली होतीस का? काकू म्हणाल्या, मी कपडे वाळत घालायला गेले होते, परत आले तर घरात टाळ्या वाजत होत्या. काका म्हणाले, मग आता विचारतो. काकू म्हणाल्या, “आता ना? थांबा, विचार करून कळवते.” आणि फोन ठेवला. पाच पोरं, नऊ नातवंडं झाल्यावर काकू विचार करताहेत. काका जेवत नाहीत, ताटातल्या कसाव्याच्या कंदाकडे बघून उसासे टाकतात.

आणि मला हसू येईना. मी निघालो त्याच्या आदल्या दिवशी वासिती धक्क्यावर मासे साफ करत होती. मी विचारलं, परत येईपर्यंत थांबशील का माझ्यासाठी? तिनं भुवया वर केल्या. चांगल्या वर. त्याच क्षणी मागं धपकन आवाज झाला, आणि मला वाटलं, माझं काळीजच आनंदानं पाण्यात पडलं. एवढ्या शिदोरीवर मी इथं थंडी काढतोय. परवा पेनीला हे सांगितलं, तर तो डोकं खाजवत म्हणतो, “अरे, काळीज कसलं, मी पडलो होतो, रताळ्यांच्या पोत्यासकट. ती माझ्याकडे बघत होती.”

इतके महिने गप्प का बसलास, म्हटलं. तर म्हणे, पोतं आईचं होतं.

तर असं आहे. मुकादम हाक मारतोय, बाग वाट बघतेय. बाबांना सांग, पोरगा नीट आहे, चर्चला जातो.

तुझ्या दारावरून नेहमी वाकून जाणारा,
नेमानी

ता. क. पोत्याबद्दल पेनीला रागावू नकोस. रताळी माशांनी खाल्ली, मासे तुम्ही खाल्लेत.

ता. क. दुसरा. आत्या, दात इतक्यात नेऊ नकोस. आधी वासितीला एकटीला गाठ, पडवी बरोबर नको. आणि विचारायच्या आधी तिला एक गोष्ट सांग. तिचे वडील मासेमारीला जातात ती होडी आपल्या घरची आहे. तू दात पुढं केलास तर तो माणूस नाही कसा म्हणेल? आणि त्यानं घेतल्यावर ती तरी नाही कशी म्हणेल? तेव्हा पोरीला सांग, उत्तर काही असो, होडी त्यांच्याच दारात राहील. बाबांकडून तसं वदवून घे, तुझ्यापुढे त्यांचं चालत नाही. मग विचार, आणि घाई करू नकोस. नाही म्हणाली तर मला कळव, पेनीला आधी कळवू नकोस.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवता चिकटवता काकूंचा फोन आला. हो म्हणाल्या. पण अटी आहेत, आणि त्यातली पहिली कपडे वाळत घालण्याबद्दल आहे. काका आता दुसऱ्यांदा जेवताहेत.

ता. क. शेवटचा. वासितीनं पुन्हा नुसत्या भुवयाच वर केल्या, तर ते धरू नकोस. तोंडानं सांगेपर्यंत थांब. पण आत्या, किती वर केल्या, तेवढं मात्र मला लिही.