कोरड्या दिवसाचं पाणी

१२ सप्टेंबर १९६२, मोताळा
श्री गजानन प्रसन्न. यांची इथे पटवारी म्हणून बदली झाली. काल बिऱ्हाड उतरलं. घर हवेशीर, देवघराला पूर्वेचा कोनाडा, तुळशीला आयता कट्टा. अंगणात सरकारी पाऊसमापक आहे. नळकांड्याला कुलूप, आत बाटली. किल्ल्या दोन. एक यांच्या करदोड्याला, गाठ मीच मारून दिली. दुसरी माझ्या गळ्यातल्या दोऱ्यात.

हे फिरतीवर असले की सकाळी आठला मी मोजायचं आणि वहीत शाईनं लिहायचं. खोडाखोड चालत नाही, असं यांनी बजावलं. मला काय सांगायचं? मॅट्रिक झाल्यापासून घरचं टाचण ठेवते, एक आकडा खोडलेला नाही.

शेजारची झुंबरबाई वाटीभर कढी घेऊन आली. म्हणाली, आता पाऊस तुमच्याच हाती बाई, आमच्या कपाशीले लागंल तेवढाच लिवजा. दोघी हसलो.

१४ सप्टेंबर
आभाळ स्वच्छ, काल पापड खडखडीत वाळले. तरी बाटलीत सहा मिलिमीटर पाणी. कुलूप जागेवर. ओतून द्यावं असं मनात आलं, पण मोजलं ते लिहायला हवं. लिहिलं. पाणी वाया कशाला, तुळशीला घातलं. संध्याकाळी फिरतीवरून आल्यावर हे म्हणाले, तुझ्यापुरताच पडतो वाटतं पाऊस.

१५ सप्टेंबर
दुपारी सर आली. मोजली. बरोबर सहा.

१८ सप्टेंबर
असं आणखी एकदा झालं. आदल्या दिवशी बाटलीत येतं, दुसऱ्या दिवशी तेवढंच पडतं.

पेपर नांदुऱ्याहून एक दिवस शिळा येतो. बंगालच्या उपसागरातलं वादळ किनारा ओलांडून आत शिरलंय. माझ्या शाळेतल्या जुन्या नकाशावर मी रोज कुंकवाचा ठिपका देते. आजचा चांद्यावर. ठिपके सरळ आपल्याकडे येताहेत.

हे आज कागद घेऊन नांदुऱ्याला गेले. परवा येतील. वाटेतली नदी सध्या गुडघाभर आहे.

१९ सप्टेंबर
सकाळी आठ. ऊन. वीस मिलिमीटरची मापनळी सात वेळा भरली, वर दोन उरलं. १४२. लिहून सही केली. पाणी गढूळ होतं, नदीचा वास. तुळशीसाठी फडक्यानं गाळलं तर फडक्यात किल्ली. काळा करदोडा, माझीच गाठ. माझी किल्ली गळ्यात आहे. कुलूप बंद होतं.

दुपार. झुंबरबाईला दाखवलं. आधीच्या पटवाऱ्याची बायको जनकाबाई असं पाणी मोजायचीच नाही म्हणे. कुंपणाबाहेर ओतायची, वहीत शून्य टाकायची, मग ते पडायचं नाही. लिवलं की पडते बाई. लिवलं का तुमी?

मी म्हटलं, हो. आधी का नाही सांगितलं? तर म्हणाली, काऊन सांगू, तुमी शिकेल बाया, हसल्या असत्या मले. वाटी न घेताच गेली.

आकडा खोडला. आयुष्यात पहिल्यांदा. वर शून्य लिहिलं. तिच्या यजमानांना, शेषरावांना, सायकलवर नांदुऱ्याला धाडलं, यांनी निघू नये म्हणून.

२० सप्टेंबर
सकाळ. खोडलेलं नाहीसं झालंय. शून्यही नाही. १४२, माझ्याच अक्षरात, शाई ओली.

दुपार. कोसळतोय. नकाशा भिजला, कुंकू सगळीकडे—

शेषराव परत आले. रात्री यांची गाठ पडलीच नाही, हे कुठे उतरले ते सापडलं नाही. सकाळी कळलं, वादळाचं ऐकून हे पहाटेच निघाले होते, घर एकटं आहे म्हणून. नदीला पूर, उताराजवळ यांची छत्री तेवढी पडली होती, म्हणाले.

संध्याकाळ. एकदम थांबला. मोजला. किती ते लिहीत नाही. लिहायची गरज नाही.

देवापाशी दिवा लावला. गजानना, मी खोटं नाही लिहिलं, तेच—

दारात कोणी आहे. यांचा आवाज. रोजच्यासारखाच, जरा वैतागलेला. म्हणतात, किल्ली कुठे पडली कोण जाणे, तुझी दे. उद्याचं मोजायचं राहिलंय.

उंबऱ्याखालून पाणी येतंय. गढूळ.

म्हणतात, वहीही आण. तुझं नाव लिहाय—