पेशी जगूस्तवर

म्हसवड
१४ जुलै २०२५

माझी लाडकी शिवांजली,

गालावरनं हात फिरवून आजीचा आशीर्वाद. मी बरी हाय. तू येळेवर जेवतीस का, ते आधी सांग.

तुझा फोन आल्यापासनं लय आनंदात हाय. साऱ्या गल्लीला सांगून आले. शेजारची जन्नतबी म्हणाली, "आवं मनुबाई, पोरीनं नक्की केलं काय?" मी म्हणलं, "उसात नांग्या भरतो न्हवं? जिथं उगवलं न्हाई तिथं रोप लावतो. तसं आमची शिवी उंदराच्या जखमेत मूळपेशी लावती, नवी कातडी यावी म्हणून. त्या दोन दिवसांत मरायच्या. आता जगल्या, जखम भरली." ती म्हणाली, "मग आधी वल केली आसंल." तीच वल म्हंजे तू पेशींखाली घालतीस तो ओला गर. बघ, तुझ्या साहेबांना दोन वर्षं लागली आणि जन्नतबीला भाकरी थापता थापता कळलं.

आता खरं लिहिते. फोनवर तू माझा आवाज वळखतीस, म्हणून कागद घेतला. पौषात मी सिद्धनाथाला नवस बोलले हुते, पोरीच्या पेशी जगूस्तवर अनवाणी ऱ्हाईन. चैत्रात टाचेत धसकट घुसलं. मला साखर हाय, तुला ठाव हाय. जखम भरंना. हळद लावली, फडकं बांधलं, पण चप्पल घातली न्हाई, देवाला शब्द दिलेला. तुझा फोन आला तवा नवस फिटला म्हणून चप्पल घालाय गेले, तर सुजलेला पाय आत जाईना.

जन्नतबीनं साताऱ्याला नेलं. डॉक्टर म्हणाला, मांडीची कातडी टाचेवर लावू, धरली तर पाय वाचंल, न्हाईतर घोट्यापासनं काढावा लागंल. मी विचारलं, "आमच्या नातीच्या पेशी लावता का?" तो हसला. "आजी, त्या अजून उंदरापुरत्याच आहेत."

मग त्यानं विचारलं, घरी कोण कोण? मी तुमची पाची जणांची नावं सांगितली. म्हणाला, "आत्ता घरात कोण आहे?" मी जन्नतबीकडं बोट केलं.

सोमवारी, एकवीस तारखेला बोलावलंय. सहीला घरचं माणूस पायजे, जन्नतबी चालत न्हाई म्हणं. तुझा बाप लेहला नोकरीवर, त्याला रजा न्हाई, बाकीचीबी लांबच. तुझ्या कामाचा खोळंबा नको म्हणून इतके दिवस लिहिलं न्हाई. रागवायचं तर हितं येऊन रागव.

सहीला ये म्हणते, पर सहीपुरती येऊ नको. चार दिवस ऱ्हा.

दार नुसतं लोटून ठेवणारी,
तुझी आजी