जुलैतला मठ्ठपणा

प्रिय व्हर्नेल,

आधी तक्रार, मग क्षेमकुशल. परवा टीव्हीवर, समस्त ओहायो राज्याच्या साक्षीने, तू माझा उल्लेख ‘जमारचा तो टकला मामा’ असा केलास. मी टकला नाही. माझं कपाळ विस्तीर्ण आहे आणि ते उत्तरोत्तर विस्तार पावत आहे, एवढंच. काल लॅटिनच्या वर्गात शिरलो, तर मागच्या बाकांवरून ‘या या, टकलेमामा!’ असा मंगलध्वनी उठला. इतक्या वर्षांच्या तपश्चर्येने जी दहशत मी त्या वर्गात बसवली होती, ती तू एका वाक्यात धुळीला मिळवलीस. शाळेपासूनचा मित्र म्हणून क्षमेचा अर्ज विचारार्थ ठेवला आहे. निकालाची घाई करू नकोस.

बाकी बोललास मात्र झकास. स्वतःचा विक्रम मोडणाऱ्या पोराचं इतक्या हसतमुखाने कौतुक करणारा माणूस विरळा. एका सामन्यात चेंडू झेलून सर्वांत जास्त यार्ड पुढे नेण्याचा आपल्या फुटबॉल संघाचा विक्रम तुझ्या नावावर होता, तोवर टोलेडोत तुला कुणी बिलाचे पैसे देऊ देत नसे. आता जमारला देऊ देणार नाहीत. लहानपणी अंगणातली पळपुटी कोंबडी पकडून तू झेल शिकलास, तो किस्साही रंगला. तू तो लगेच पुन्हा सांगितलास, अगदी पहिल्यापासून. निवेदकाला वाटलं, गंमत करतोयस. तो दुसऱ्या वेळी जास्त हसला. मी टीव्ही बंद केला.

सामना तू पाहिलास म्हणतोस, पण पडद्यावर सगळं दिसत नाही. नोरीन आणि मी खेळाडूंच्या घरच्यांसाठी असलेल्या जागेत बसलो होतो. माझी बहीण म्हणजे काय चीज आहे हे तुला माहीत आहेच. प्रत्येक झेलाला ती उठून ‘कुणाचा लेक? माझा लेक!’ असं शेजारच्या अनोळखी बाईच्या कानात ओरडत होती. मध्यंतरानंतर थोड्याच वेळात जमार मैदानाच्या मधोमध उंच उडाला. चेंडू हातात आला आणि त्याच क्षणी प्रतिपक्षाच्या बचावपटूचं हेल्मेट त्याच्या जबड्याखाली बसलं. तो आवाज वरपर्यंत आला. चेंडू सुटला नाही, म्हणून लोक टाळ्या पिटत उभे राहिले. जमारही उठला आणि शांतपणे चालत प्रतिपक्षाच्या बाकावर जाऊन बसला. त्यांनी त्याला पाणी दिलं. एकजण म्हणाला, “राहा इथंच, पगार आम्ही देऊ.” मग दोघांनी खांद्याला धरून त्याचं तोंड आपल्या बाजूला वळवलं आणि पाठीवर थाप मारून सोडून दिलं. अख्खं मैदान हसलं. नोरीनही हसली.

मग त्याला मैदानाकडेच्या त्या निळ्या तंबूत नेलं, जिथे डोक्याला मार बसलेल्यांना तपासतात. आत काय झालं, ते डॉक्टरांनी नंतर मला स्वतः सांगितलं. पाच शब्द सांगून ते परत विचारले, महिने उलटे म्हणायला लावले, डोळे मिटून एका पायावर उभं केलं. पाचांतले दोन शब्द आठवले. महिने सप्टेंबरपाशी अडले. डॉक्टरांनी हंगामाआधी, जुलैत, डोकं शाबूत असताना घेतलेल्या तपासणीचा निकाल ताडून पाहिला: तेव्हाही दोनच शब्द, तेव्हाही सप्टेंबर. म्हणजे पोरगा नेहमीसारखाच आहे. सोडा खेळायला.

ही विद्या कुणाची, हे मी तुला सांगायला नको. दर उन्हाळ्यात तू त्याला झेल शिकवायला येतोस. यंदा नोरीनच्या परसात, शेगडीवर डुकराच्या बरगड्या भाजता भाजता, चिमटा उगारून तू उपदेश केलास, “जुलैत मठ्ठ व्हायचं, बाळा. म्हणजे नोव्हेंबरात डोकं फुटलं तरी शहाणा ठरशील. आम्ही सगळे असेच टिकलो.” सगळे हसले. जमारने त्याच आठवड्यात संघाच्या तपासणीत इतका मन लावून मठ्ठपणा केला, की घरी येऊन प्रयोग करून दाखवला. सप्टेंबरपाशी अडतानाचा चेहरा तर अप्रतिम होता.

तंबूतून बाहेर आल्यावर सामन्यात काही उरलं नव्हतं. आपण कितीतरी पुढे होतो. इतर मोठे खेळाडू बसवले होते. पण कुणीतरी प्रशिक्षकाच्या कानात विक्रमाचं सांगितलं, आणि मग प्रत्येक चेंडू जमारकडेच. तो धावायचा, झेलायचा, पडायचा. पाय आणि हात सगळं जाणत होते. विक्रम झाला तेव्हा चेंडू त्याच्या हातात ठेवून फोटो काढले. नंतर मी खाली गेलो तर मला म्हणाला, “मामा, सामना कधी सुरू होतोय?” बाजूचे दोघे खिदळले, “बघा, विक्रमवीराची भूक भागली नाही!” घरी जाताना गाडीत त्याने हेच पुन्हा विचारलं. मग पुन्हा.

आता तो रोज त्या सामन्याची फीत लावून बसतो. पाठ करतो, व्हर्नेल. कुठला झेल कोणत्या बाजूला, कुणाला चकवलं, पत्रकारांनी विचारलं तर सांगता यावं म्हणून. माझ्या वर्गातलं कुठलंही पोर इतकं घोकत नाही. मी डॉक्टरांना जुलैची गोष्ट सांगितली. ते भले गृहस्थ आहेत. त्यांनी जमारला बोलावून विचारलं. तो म्हणाला, “मामांना खेळातलं काय कळतं? मी शाळेतही असाच होतो.” मंगळवारी पुन्हा तपासणी झाली; निकाल जुलैसारखाच, म्हणून खेळायला मोकळा. नोरीन माझ्याशी बोलत नाही. “तुला बघवत नाही त्याचं,” एवढंच म्हणाली आणि दार लावलं. या रविवारी संघाला सुट्टी आहे. पुढच्या रविवारी तो पुन्हा मैदानात उतरेल.

मी तुला आधी फोनच केला होता. तू आंघोळीला गेला होतास, ओपलवहिनीने उचलला. म्हणाली, “भाऊजी, लिहून पाठवा. सांगितलेलं टिकत नाही, लिहिलेलं मी रोज सकाळी त्यांना वाचायला देईन.” मग रडत रडत तिने बाकीचंही सांगितलं, तिच्यावर रागावू नकोस. दर रविवारी पहाटे तू जुनी बॅग भरतोस आणि संघाची बस येईल म्हणून दाराच्या पायरीवर बसून राहतोस, दुपारपर्यंत. माझं मागणं निष्ठुर आहे, आणि ते मी शुद्धीवर राहून करतो आहे. शनिवारी ओपलला घेऊन ये. नोरीनकडेच उतर, जमार तिथंच आहे. टीव्हीवरचा सूट आणू नकोस, बॅग आण. रविवारी सकाळी ओपल तुला अडवणार नाही. तू नोरीनच्या दाराच्या पायरीवर बस, आणि पोराला तुझ्याकडे बघू दे. तो माझं ऐकत नाही, आई त्याच्याच बाजूने आहे, डॉक्टरांना फसवतो. तुला मात्र देव मानतो. याहून दुसरा उपाय मला सुचत नाही, आणि यालाही मी घाबरलो आहे. मला भीती वाटते ती ही, की तो तुला तिथं बसलेला पाहील, आत जाऊन स्वतःची बॅग भरून आणेल, आणि तुझ्या शेजारी येऊन बसेल.

तुझाच,
लायनल